श्रावणातला बीजा

साल हाताने सुटली तेव्हाच केवळरामला कळलं.

फर्निचरवाल्या भैय्याजींच्या माणसांनी चिखलात फळ्या टाकून तीन ओंडके अंगणात लोटले, चहा घेतला आणि ट्रक परत साकोलीच्या रस्त्याला लावला. केवळराम ओंडक्यापाशी उकिडवा बसला. सवयीने त्याने सालीखाली नख घातलं. हिवाळ्यात तोडलेल्या बीजाची, बिबळ्याची, साल लाकडाला घट्ट धरून असते, वासल्याने तासून काढावी लागते. ही साल पिकल्या केळीसारखी वीतभर सोलून हातात आली. आतलं अंग ओलं, गुळगुळीत. टोकाशी लाल रस गोठला होता. त्याने बोट लावलं तर ते चिकटलं.

सरकारी कूप, म्हणजे जंगलातले तोडीचे पट्टे, दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाच्या आधी बंद होतात. श्रावणात जंगलात कुऱ्हाड चालत नाही. आणि हे झाड पंधरा दिवसांपूर्वी जमिनीत उभं होतं.

ओंडक्याच्या बुडावर वनखात्याच्या डेपोच्या हातोड्याचा शिक्का मात्र होता. केवळरामने त्यावरून अंगठा फिरवला. कडा नव्या होत्या, बोटाला लागत होत्या.

"उतरलं का जी लाकूड?" त्याच्या बायकोने, चंद्रभागाबाईने, दारातून विचारलं.

"उतरलं."

"मंग असे कायले बसले?"

"पाहून राहिलो," तो म्हणाला आणि सालीचा तुकडा त्याने गोठ्यामागे फेकला.

चिचटोला साकोलीपासून पाच कोसांवर, जंगलाला लागून. गावात वाढयाचं, सुताराचं, घर एकच. नांगर, वखर, बंडीची चाकं, दाराच्या चौकटी, सगळं केवळरामच्या अंगणातून निघायचं, आणि धान निघालं की शेतकरी घरटी कुडव-पायली आणून टाकायचे. पण एकोणऐंशी साली पावसाने दगा दिला. तलाव दसऱ्यालाच तळाला गेला, लोंबीत दाणा भरला नाही. ज्याच्या घरी खायला नाही तो नवी बंडी कशाला करेल? पौषापासून केवळरामचा रंधा खुंटीला टांगलेला होता.

अशात माघात भैय्याजी आले. साकोलीत त्यांनी फर्निचरचं दुकान घातलं होतं. लग्नाच्या आंदणात आता पितळेच्या भांड्यांसोबत पलंग आणि आरशाचं टेबल द्यायची रीत पडत होती, आणि साकोलीतच काय, पार नागपुरापर्यंत मागणी होती. केवळरामने केलेला एक जुना देव्हारा त्यांनी कुणाकडे तरी पाहिला होता. एक खिळा नसलेला. तो पाहूनच ते पत्ता काढत आले.

"सागवान, बीजा, जे लागेल ते लाकूड मी पुरवतो," भैय्याजी म्हणाले. "तू फक्त हात चालव."

"मानूस मले पायजे तो घेईन," केवळराम म्हणाला. "आन माल शिक्क्याचा पायजे. बिनशिक्क्याचं लाकूड माया अंगनात येनार नाही."

भैय्याजी हसले. "अरे, तू तर नाकेदारापेक्षा कडक निघाला!"

मानूस म्हणजे डोमा. डोमा आरेकरी. ओंडका घोडीवर, उंच लाकडी आधारावर, चढवून त्याच्या फळ्या पाडायच्या तर आरा दोघांनी ओढावा लागतो, एक ओंडक्यावर उभा, एक खाली. वर केवळराम, खाली डोमा. गेली वीस वर्षं असंच होतं. वरचा रेघ पाहतो आणि आरा वळवतो. खालच्याला काही दिसत नाही. भुसा डोळ्यांत जातो, म्हणून तो डोळे मिटून ओढतो. डोमाच्या पापण्यांवर, छातीच्या केसांत, कानात भुसा असायचाच. त्याची बायको जनाबाई म्हणायची, याच्या अंगाला घामाचा नाही, सागाचा वास येतो.

जंगलातून गावच्या हक्काचं लाकूड आणायलाही दोघंच जायचे. कोणतं झाड घ्यायचं हे केवळरामच्या बापाने ठरवून दिलेलं होतं. ज्याचं बी गळून झालं ते घ्यायचं. कोसमनाल्याच्या काठचे मोठे बीजे ठेवायचे, कारण त्यांच्या बियांवर मागचं सगळं रान. बुंधा जमिनीलगत आणि तिरपा कापायचा, पाणी साचू नये, फूट यावी. एवढंच. त्यात धर्म-बिर्म काही नव्हता. शेतकरी बियाणं खात नाही, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमा आला. आरा खांद्यावरून उतरवला, ओंडक्याकडे पाहिलं, वाकून वास घेतला आणि सरळ झाला.

"हे वल्लं हाय गा."

"हो."

"सावनातलं हाय."

केवळराम रेघ मारायचं सूत गेरूच्या पाण्यात भिजवत होता. "शिक्का हाय ना त्याच्यावर."

"शिक्का हाय. पन झाड कालवरी उभं होतं."

"मंग? आता काय करतं? वापस नेऊन उभं करतं काय?" केवळरामचा आवाज चढला. मग खाली आला. "पडलेलं झाड हाय, डोमा. आपन नाही पाडलं. आपन नाही चिरलं तर दुसरा चिरीन. एवढी खेप करून घेऊ. मी भैय्याजीले सांगतो."

 थोडा वेळ डोमाने पायाच्या अंगठ्याने चिखल उकरला. मग घोडीखाली जाऊन उभा राहिला.

आरा ओल्या लाकडात अडकत होता. दर हातभर थांबून पात्याला तेल लावावं लागत होतं. बीजाचा लाल रस भुशात मिसळून खाली गळत होता. दुपारी डोमा घोडीखालून बाहेर आला तेव्हा त्याचे खांदे, मान, बनियन, सगळं लाल झालं होतं. जनाबाई त्याची भाकर घेऊन आली होती. ती फाटकातच थबकली.

"काय लागलं वो तुमाले?"

"काही नाही. लाकडाचं हाय," डोमा म्हणाला.

त्याने तलावावर जाऊन अंग घासलं. पण बनियनचा डाग गेला नाही.

भैय्याजी आठवड्याने आले, छत्री घेऊन, धोतर वर धरून. केवळरामने त्यांना चिरलेल्या फळ्या दाखवल्या.

"भैय्याजी, हा माल वल्ला हाय. वल्ल्या लाकडाचा पलंग केला तर सहा महिन्यात सांधे ढिले होतीन. मायं नाव जाईन."

"पॉलिश मार, दिसणार नाही."

"दिसाचं नाही बोलत मी. आन हा सावनातला माल हाय. डेपोतला नाही."

भैय्याजींनी छत्री मिटली. झटकली. "केवळराम, लाकूड तू पाहा, जंगल मी पाहतो. दिवाळीनंतर लग्नं आहेत. तुझ्याच्याने होत नसेल तर सांग. साकोलीत मशीनचा आरा येऊन राहिला, तिथं चिरून घेतो."

केवळरामने मान खाली घातली. "होत नाही असं कुठं म्हणलो मी?"

भैय्याजी गेल्यावर चंद्रभागाबाई म्हणाली, "त्याईच्या समोर मान कायले घातली?"

"तुले काय समजते."

"मले नाही समजत. पन तुमाले मान घालताना मी आज पहिल्यांदा पाहिलं."

खेपा येत राहिल्या. कधी बीजा, कधी साग, एकदा तर हाताएवढ्या जाडीचे कोवळे सागसुद्धा. कोवळ्या सागाला आत तेल नसतं, पांढरा भागच जास्त. केवळरामने त्याचे पलंगाचे आडवे दांडे केले, जिथं कुणाची नजर जात नाही. पांढऱ्यावर लाखेच्या चपडीत रंग मिसळून मारला. ओले सांधे घट्ट बसावेत म्हणून सरेस ओतला, वर पाचर ठोकली. हात चालत होते. हातांना सगळं येत होतं. संध्याकाळी अंगणात ओळीने पलंग उभे राहिले की गावातले लोक बघायला यायचे, पाठीवरच्या कोरीव मोरावरून हात फिरवायचे. केवळराम कौतुक ऐकायचा आणि आत निघून जायचा.

घरात धान्य होतं. ते खरं होतं. श्रावण-भादव्यात चंद्रभागाबाईला कुणाच्या दारी सूप घेऊन जावं लागलं नाही.

आश्विनात, रोवणीची कामं कधीच संपली होती, धान पोटरीत होतं, तेव्हा एका सकाळी डोमा आला आणि म्हणाला, "चाल."

"कुठं?"

"चाल तं."

ते कोसमनाल्याला गेले. दीड कोस. बंडीच्या चाकोऱ्या होत्या तिथं आता ट्रकच्या चाकांचे खड्डे होते, त्यांत पाणी साचलेलं. नाल्याच्या वळणावर आले आणि केवळरामला आधी जागाच कळेना. एवढं ऊन तिथं कधी नसायचं.

काठचे बीजे नव्हते. कमरेएवढे बुंधे उभे होते, वाकायचा आळस केलेले, वर सपाट कापलेले, त्यांत पाणी साचून शेवाळ धरलेलं. बुंध्यांच्या बाजूंनी लाल ओघळ वाळून काळे पडले होते. फांद्या तशाच टाकून दिल्या होत्या. डोमाने एक फांदी उचलली. तिला बीजाच्या चपट्या, गोल शेंगांचे घोस होते, कोवळेच वाळून गेलेले.

"पाहा," तो म्हणाला. "बी बी पिकू नाही देल्लं."

केवळराम एका बुंध्यावर हात ठेवून उभा राहिला. या झाडाखाली बापासोबत त्याने भाकर खाल्ली होती की शेजारच्या, हे त्याला सांगता आलं नसतं. सगळे बुंधे सारखे दिसत होते. नाल्याच्या काठाची माती पावसाने ढासळून खाली गेली होती आणि पाणी गढूळ वाहत होतं.

"हे आपल्या अंगनात आलं," डोमा म्हणाला. "हे मी चिरलं."

"आपल्याले का माहीत होतं कुठलं हाय ते?"

"तुले माहीत नव्हतं?"

केवळरामने बुंध्यावरचा हात काढला.

परत येताना डोमा पुढे चालत होता. गावाच्या अलीकडे तो थांबला. "उद्यापासून मी नाही येत."

"अंगनात पाच ओंडके पडले हायत, डोमा. तेवढे काढून टाकू. मी एकटा कसा ओढू? तेवढे झाले का मी बी बंद करतो. तुयी शप्पत."

डोमा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाच. बस."

तिसऱ्या दिवशी चौथा ओंडका घोडीवर होता तेव्हा जीप आली.

आधी जंगलखात्याचा नाकेदार लक्ष्मणराव उतरला. तो या भागात आठ वर्षं होता, दोघांना ओळखत होता. मागून रेंजर साहेब आणि दोन शिपाई. कुणीतरी वर तक्रार केली होती. त्यांच्यामागे स्कूटरवर भैय्याजीही आले, हातात कागदांची पिशवी. केवळराम ओंडक्यावरून खाली उतरला. डोमा घोडीखालून निघाला, डोळ्यांतला भुसा पुसत.

साहेबांनी ओंडके फिरून पाहिले. शिक्क्यांवर बोट ठेवलं. भैय्याजींनी कागद पुढे केले. साहेबांनी ते वाचले.

"हे कागद जेठातले आहेत. तेव्हाच्या मालाचे, ह्या मालाचे नाहीत."

"हाच तो माल, साहेब," भैय्याजी म्हणाले. "आता गड्यांनी मधे कुठून काही आणून टाकलं असेल तर मला काय माहीत? मी साकोलीला असतो."

साहेब केवळरामकडे वळले. "मिस्तरी, तुमची उभी हयात लाकडात गेली. तुम्हीच सांगा. हा माल कधी तोडलेला आहे?"

केवळरामने वर पाहिलं. दारात चंद्रभागाबाई उभी होती, पदर तोंडावर. अंगणात अर्धे झालेले पलंग ओळीने. फाटकाबाहेर गावातली माणसं. भैय्याजी त्याच्याकडे बघत नव्हते, कागद पिशवीत घालत होते, अगदी सावकाश.

"मले नाही समजत साहेब तेवढं," तो म्हणाला.

"ओला की वाळका एवढं तर समजतं?"

"भैय्याजी आनते ते मी रंधतो. मी अडानी मानूस. लाकूड मले ओळखता येत नाही."

लक्ष्मणराव नाकेदाराने चटकन मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग नजर वळवली. फाटकाशी कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी बोललं.

"आणि तू?" साहेबांनी डोमाला विचारलं.

डोमाने आधी केवळरामकडे पाहिलं. तो थांबला होता. केवळराम बोलेल म्हणून थांबला होता. केवळराम जमिनीकडे पाहत होता, लाल भुशाकडे.

"मले समजते साहेब," डोमा म्हणाला. "बीजा हाय. सावनात तोडला. कोसमनाल्याच्या काठचा हाय."

"तुला कसं माहीत, काठचा आहे ते?"

"जाऊन पाहून आलो."

"म्हणजे जागा तुला माहीत आहे."

"हो."

"कुणासोबत गेला होतास?"

 केवळरामच्या पायात अजून त्या वाटेचा काटा होता, त्या रात्री चंद्रभागाबाईने अर्धाच काढलेला.

"एकटाच गेलो होतो," डोमा म्हणाला.

साहेबांनी ते लिहून घेतलं. ओंडके, फळ्या, आरा जप्त केला. तोडीची जागा माहीत असल्याचं कबूल केलेला तो एकटाच, म्हणून डोमाला जीपमध्ये बसवलं. जीपच्या मागच्या भागात आरा मावत नव्हता, तो शिपायाने डोमाच्याच मांडीवर आडवा ठेवायला लावला. तयार पलंगांना कुणी हात लावला नाही, ते भैय्याजींच्या कागदात बसत होते.

डोमा पंधरा दिवसांनी सुटून आला. खटल्याच्या तारखा पुढे दीड वर्ष चालल्या. दर तारखेला भंडाऱ्याला जायचं, पिंपळाखाली दिवसभर बसायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. आरा सरकारजमा झाला. आऱ्याशिवाय आरेकरी म्हणजे मजूर. तो धानाच्या कापणीला बायकांच्या ओळीत बसला.

केवळराम दोनदा त्याच्या घरी गेला. एकदा जनाबाई म्हणाली, घरी नाहीत. आत डोमाच्या खोकल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा केवळराम फाटकातून परत फिरला. तलावावर समोरासमोर आले की डोमा बाजूला होऊन वाट द्यायचा, जशी पाटलाला देतात. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

भैय्याजींचं काम आपोआप सुटलं. साकोलीत मशीनचा आरा बसला आणि त्यांना चिचटोल्याची गरज उरली नाही. चैत्रात एक माणूस बैलबंडीतून पलंगाचा पाया आणि दांडा घेऊन आला. आंधळगावकडचा होता, पत्ता विचारत आला होता.

"तुमी केला ना जी हा पलंग?"

केवळरामने पाया हातात घेतला. दांड्याची चूल, पायाच्या खाचेत बसणारं टोक, वाळून आकसली होती, खाचेत बोट जाईल एवढी जागा. दांड्याला उभी भेग.

"पोरीच्या आंदनात देल्ला," तो माणूस म्हणाला. रागाने नाही, कानकोंडा होऊन. "चार महिने नाही झाले. पलंग करकर करते म्हनते. जावेच्या पोरी हासतात. व्याही बोलला, लाकूड नवं देल्लं का मुर्दाड देल्लं म्हनून."

"उद्या या," केवळराम म्हणाला. "नवा पाया लावून देतो."

आपल्या बापाच्या वेळची वाळलेली सागाची एक फळी माळ्यावर होती. चंद्रभागाबाईच्या दाराला म्हणून ठेवलेली. त्याने ती उतरवली आणि त्यातून पाया आणि दांडा काढला. चंद्रभागाबाई चुलीपाशी बसून पाहत होती.  तो माणूस पैसे द्यायला लागला तेव्हा केवळराम आत निघून गेला.

असे आणखी आले. केवळरामने प्रत्येकाचं नीट करून दिलं. आले नाहीत ते किती, हे त्याला कधी कळणार नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात डोमा आणि जनाबाई घराला कुलूप लावून तुमसरकडे मँगनीजच्या खाणीवर निघून गेले. गावाला कळलं तेव्हा आठ दिवस झाले होते.

त्यानंतर कुणी दार-चौकट सांगायला आलं की केवळराम विचारायचा, लाकूड कुठलं, कधी तोडलं, कोणी तोडलं. बांधावरची बाभूळ, वाळलेला आंबा, डेपोतला पावतीचा साग, एवढंच तो घ्यायचा. लोक हसायचे. नाकेदार परवडला, म्हणायचे. बरीच कामं दुसरीकडे गेली. कोसमनाल्यावरही तो जाऊन आला होता. कमरेएवढे बुंधे कुजायला लागले होते. दोन-तीन बुंध्यांना खालून फूट आली होती, ती शेळ्यांनी खाल्ली होती. आरा नव्हता, दुसरा माणूस नव्हता. त्याने कुऱ्हाडीने दोन बुंधे खालपर्यंत उतरवले, शेळ्यांसाठी भोवती काटे लावले. दिवस गेला. हाताला फोड आले. एवढ्याने काही होणार नव्हतं, हे त्याला काम करतानाच कळत होतं.

त्र्याऐंशीच्या माघात तो रेंजच्या ऑफिसात गेला. साहेब बदलले होते. लक्ष्मणरावही बदलून गेला होता. बाबू एकटाच होता.

"काय काम?"

"मले बयान द्याचं हाय जी. ऐंशी सालची केस हाय, चिचटोल्याची. डोमा आरेकऱ्याची. त्याच्यात मी खोटं बोललो होतो. मले लाकूड ओळखता येत होतं."

बाबूने चष्मा काढला. "केस निकाली लागली. कागद भंडाऱ्याला गेले."

"मंग आता लिहून घ्या."

"कशात लिहू? कोणत्या कागदावर?" बाबू चिडला नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं. "तीन वर्षं झाली. तो सुटला ना? मग? तुम्ही काय करता?"

"वाढई हाय."

"अस्सं." बाबू उठला. स्वतः बसला होता ती खुर्ची त्याने पुढे ढकलली. "आलाच आहात तर हिचा हात पाहा बरं. डुगडुगते. सहा महिने झाले लिहून, कोणी येत नाही."

केवळराम उभा राहिला. मग खाली बसला. पिशवीत वासला आणि पटाशी होती, ती नेहमीच असायची. त्याने खुर्चीचा हात उपसला, चूल साफ केली, पाचर घातली, ठोकून बसवला. बाबूने बसून, मागे रेलून पाहिलं.

"छान झालं," तो म्हणाला.

तिथूनच केवळराम तुमसरच्या बसमध्ये बसला.

खाणीच्या वस्तीत सगळ्या खोल्या सारख्या होत्या, पत्र्याच्या. माणसांच्या पायांवर, कपड्यांवर, कुत्र्यांच्या अंगावर काळी धूळ. जनाबाईने त्याला दुरून ओळखलं. तिने आत जाऊन चटई टाकली. डोमा बाजेवर बसला होता. वाळला होता. नखांत काळं बसलं होतं.

"ये," तो म्हणाला. "बस."

चहा झाला. गावातल्या पावसापाण्याचं झालं. कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, ते झालं.

"ऑफिसात जाऊन आलो," केवळराम म्हणाला. "खरं सांगतलं."

"काय म्हनले?"

"खुर्ची दुरुस्त करून घेतली."

डोमा बघत राहिला, आणि मग हसला. मोठ्याने. हसता हसता खोकला लागला, पाण्याचा तांब्या लागला. जनाबाईने पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबला तेव्हा हसूही गेलं होतं.

"माफ कर म्हनाले आलो," केवळराम म्हणाला. "तुले कोठडीत बसा लागलं. आरा गेला."

"कोठडीचं काही नाही गा." डोमा सावकाश बोलत होता, बऱ्याच दिवसांपासून मनात लावून ठेवल्यासारखं. "पंधरा दिवस बसलो, भाकर भेटली. आऱ्याचंही काही नाही, जुना झाला होता. तू भेला हे मले समजते. मी बी भेलो होतो. पन वीस वरसं मी तुया खाली उभा राहिलो. भुसा डोऱ्यात जाते म्हनून डोरे मिटून ओढलं. तू म्हनशीन इथं लाकूड साफ हाय, तं हाय. तू म्हनशीन इथं गाठ हाय, तं हाय. आन सगळ्या गावासमोर तू म्हनते, मले लाकूड ओळखता येत नाही." तो थांबला. "मंग मी इतके दिवस कोनाच्या भरवशावर ओढला?"

केवळरामचे हात मांडीवर पडले होते. "ओळखलं होतं मी," तो म्हणाला. "ट्रकातून उतरलं तवाच."

"मले माहीत हाय."

"चाल वापस. नवा आरा घेऊ. घर तसंच हाय तुयं."

"आन चिरू काय?" डोमाने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. केवळराम बांधावरच्या बाभळींचं सांगू लागला, कोसमनाल्याच्या फुटीचं सांगू लागला, काटे लावल्याचं. डोमा ऐकत होता. फुटीचं ऐकताना त्याचा चेहरा क्षणभर हलला, "किती फुटले?" असं त्याने विचारलंसुद्धा. मग पाळीचा भोंगा झाला. डोमा उठला, डोक्याला फडकं बांधलं.

"बस पाच वाजता हाय," तो म्हणाला. दारात त्याने एकदा केवळरामच्या खांद्यावर हात ठेवला, उचलला, आणि खाली खाणीकडे जाणाऱ्या माणसांत चालू लागला.

जनाबाई घागर घेऊन केवळरामसोबत सडकेपर्यंत आली. नळ सडकेवरच होता. तिथं बायकांची ओळ होती, ती ओळीत न लागता त्याच्याजवळ उभी राहिली.

"भाऊजी, वाईट मानू नका."

"बोल ना, जनाबाई."

"पुना येऊ नका." तिने घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली. "मांगं गावचा एक मानूस आला होता, त्याच्या तोंडून तुमचं नाव निघालं. आठ दिवस हे बराबर जेवले नाही. जंगलाचंच बोलत होते. कोनतं झाड कुठं होतं, कोनतं कवा फुलते. आता कुठं इथं जीव लागून राहिला त्याईचा. आता पुना फुटीचं सांगतलं तुमी. आता पुना सुरू होईन."

केवळरामने पिशवी खांद्याला लावली.

"तुमच्या मनातलं तुमी बोलून टाकलं," ती म्हणाली. "बरं केलं. आता आमाले राहू द्या."

ती जाऊन ओळीत उभी राहिली. बस आली. आत बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. कंडक्टरने दोनदा बसा म्हटलं. केवळराम तुमसर येईपर्यंत उभाच राहिला.